चहात बुडवलेले कपडे

पांढरा कपडा पांढरा दिसावा म्हणून आधी चहात बुडवतात, हे ऐकून मेट्रनबाईंनी असं तोंड केलं, जणू कुणी त्यांच्या वॉर्डात म्हैस आणून बांधली.

"चहात?" त्या म्हणाल्या.

"चहात," कात्री म्हणाली. ती बादलीवर वाकून सदरे खालीवर करत होती आणि तिचे हात कोपरापर्यंत तपकिरी झाले होते. "दूध-साखर नाही, नुसती पावडर. पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट आहे ना. कोरा पांढरा सदरा लाइटखाली भगभगतो, मग माणसाचं तोंड दिसतच नाही, नुसता सदरा दिसतो. चहातून काढला की पडद्यावर बरोबर पांढरा येतो."

"आमचे पेशंट असले मळके कपडे घालत नाहीत. लोक काय म्हणतील?"

"हे तुमचे पेशंट कुठेत? हे आमचेत."

मेट्रनबाईंनी नाक वर केलं आणि किल्ल्या वाजवत निघून गेल्या. जाताना वाळत घातलेल्या एका पायजम्याची कड त्यांनी दोन बोटांत धरून पाहिली आणि बोटं पदराला पुसली. ते कात्रीनं बरोबर पाहिलं. असलं काही तिच्या नजरेतून सुटायचं नाही.

कात्री हे तिचं खरं नाव नव्हतं. कंबरेला कायम कात्री लटकलेली आणि तोंडही तसंच, म्हणून युनिटनं ठेवलेलं. पिक्चरच्या कपड्यांचं खातं तिच्याकडे. पेशंट, नर्स, डॉक्टर, डिटेक्टिव्ह, सगळ्यांचे कपडे तीच सांभाळायची. हॉस्पिटल खरोखरचं मनोरुग्णांचं होतं. त्याची एक जुनी बाजू रिकामी पडली होती, ती शूटिंगला घेतलेली. मधे एक जाळीचं लोखंडी दार. दाराच्या अलीकडे खोटे पेशंट, पलीकडे खरे. ते दार ओलांडायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं.

गोष्ट जुन्या धाटणीची होती. नवरा बायकोला वेडी ठरवून इथं आणून टाकतो, आणि इथं सगळेच तिच्याशी खोटं बोलतात. त्यासाठी खिडक्यांना काळे पडदे ठोकले होते. बाहेर टळटळीत ऊन, आत मध्यरात्र. पुठ्ठ्याला पट्ट्या कापून लाइटपुढं धरायचे, की भिंतीवर गजांच्या सावल्या पडायच्या. एवढ्या गजांची खिडकी त्या इमारतीत एकही नव्हती.

आणि त्या खोट्या पेशंटांत कात्रीचा मामा होता.

मामा जन्मभर गर्दीतला नट. बाजारातला माणूस, लग्नातला माणूस, कोर्टात मागच्या बाकावर बसलेला माणूस. आई गेल्यावर कात्रीला त्यानंच वाढवलं. ती शाळेत बाईंशी भांडून दप्तर टाकून आली, तेव्हा तो एका शब्दानं बोलला नाही. दुसऱ्या दिवशी शूटिंगला घेऊन गेला आणि कपड्यांच्या पेटीवर बसवून म्हणाला, "इथं बस. इथं कुणी पाढे विचारत नाही."

आता मामा विसरत चालला होता. आधी किल्ल्या हरवायच्या, मग गॅस चालू राहायला लागला, मग एक दिवस तो स्वतःच्याच गल्लीत उभा राहून कुठं वळायचं ते विचारत होता. मध्ये एकदा जेवताना म्हणाला, "ताई आली नाही का गं अजून?" ताई म्हणजे कात्रीची आई. कात्रीच्या हातातला घास हातात राहिला.

हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं की मामाचं काम बंद. काम बंद म्हणजे दिवसभर तो घरात एकटा, आणि एकटा माणूस रस्त्यावर भटकायला लागला की त्याला कुठं नेऊन टाकतात ते तिला माहीत होतं. नेमक्या तसल्याच जागेत तिनं त्याला आपल्या हातानं आणलं होतं, चहाच्या रंगाचे कपडे घालून. रात्री झोप कशी लागणार?

तिनं एक युक्ती काढली होती. मामाला ती कायम पाठमोरा बसवायची. "मामा, इथं बस, भिंतीकडे बघ, कट म्हणेपर्यंत हलू नकोस." एवढंच सांगायचं. आणि मामा असा बसायचा की डायरेक्टरसुद्धा खूष. कुणी काही विचारलं की मामाच्या आधी कात्री उत्तर देऊन मोकळी. लोक हसायचे, "मामाला तोंड नाहीये का गं?"

"आहे. तुमच्यासाठी उघडत नाही."

सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त तो डॉक्टर.

शूटिंगवर लक्ष ठेवायला हॉस्पिटलनं एक डॉक्टर दिला होता. बारीक, शांत, दोन्ही हात कोटाच्या खिशात. येतील ते सगळे पुरुष हिरॉइनकडे बघत उभे राहायचे. हा बघायचा मामाकडे. सकाळी पहिला शॉट लागला तेव्हा बघत होता, चहाच्या सुट्टीत बघत होता. मामानं एका पायात चप्पल घातली आणि दुसरी हातात धरून बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला, तेव्हा तर तो दोन पावलं पुढंच आला.

कात्री मधे घुसली आणि मामाच्या पायात चप्पल अडकवली.

"हे नेहमी असेच बसतात का?" डॉक्टरनं विचारलं.

"नट आहेत ते. बसायचेच पैसे मिळतात."

"छान बसतात."

"मग बघा की पिक्चर आल्यावर. तिकीट काढून."

डॉक्टर हसला नाही, चिडलाही नाही. जाऊन मेट्रनबाईंच्या कानाशी काहीतरी बोलला. मेट्रनबाईंनी मान हलवली. कात्रीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. चिडणाऱ्या माणसाची तिला भीती वाटायची नाही, ती स्वतः तशीच होती. हा न चिडणारा माणूस तिला पटेना.

जेवणानंतर हिरॉइनच्या कोटाचं अस्तर उसवलं. कात्रीनं मामाला कॉरिडॉरच्या कोपऱ्यात खुर्ची दिली, "हलू नकोस" म्हणाली आणि मेकअपच्या खोलीत गेली. मॅडमना उभ्यानंच शिवून हवं होतं. सुई चालली होती आणि मॅडम विचारत होत्या, "ह्या डॉक्टरला काही काम नाही का गं? भुतासारखा उभा असतो."

"हो ना," कात्री म्हणाली आणि दातांनी दोरा तोडला.

परत आली तर खुर्ची रिकामी.

ती संडासात बघून आली. जेवणाच्या टेबलाखाली बघितलं. लाइटच्या पेट्यांमागं बघितलं. ओरडता येईना. "मामा हरवला" म्हटलं की पहिला प्रश्न येणार, एवढा मोठा माणूस हरवतो कसा? मग ती उगाच हसत, एकेकाच्या कॉलरी नीट करत फिरली आणि जाता जाता विचारत गेली, "आमचं म्हातारं दिसलं का? बटण लावायचंय."

पत्ते खेळणाऱ्या खोट्या पेशंटांपैकी एकजण मान वर न करता म्हणाला, "त्या मेट्रनबाई घेऊन चालल्या होत्या की. हाताला धरून. नवरदेवासारखा चालला होता."

बाकीचे हसले. कात्रीचे कान तापले.

मेट्रनबाई जाळीच्या दाराशी उभ्या होत्या. कात्रीनं आवाज शक्य तेवढा गोड केला. "बाई, आमचा एक माणूस इकडं आला का?"

"तुमचा कुणी आला नाही."

"तुम्ही कुणाला तरी नेलंत म्हणे."

"माझ्या पेशंटला मी नेते. तुमची माणसं तुम्ही सांभाळा. सकाळपासून सांगतेय, दाराच्या आसपास फिरू नका म्हणून."

डोळ्याला डोळा देऊन बोलल्या. पण त्यांची एक बाही ओली होती, आणि साबणाचा वास येत होता. ही बाई धुवायच्या कामाला हात लावणाऱ्यातली नव्हती. इथं नक्की पाणी मुरत होतं. कात्रीनं मनात सगळं जुळवून टाकलं. डॉक्टर सकाळपासून बघत होता, दोघांचं कानात बोलणं झालं, आणि ती पाठ वळवायची वाट बघत हे थांबले. पिक्चरच्या गोष्टीत बायकोला असंच आत ढकलतात. चहा पिऊन येते म्हणून गेलेली नर्स परत येते आणि म्हणते, अशी कुणी बाई इथं नव्हतीच.

मेट्रनबाई दारापासून हलल्या. मग जेवणाची भांडी नेणारी गाडी आली तेव्हा वॉर्डबॉयनं दार उघडलं. कात्रीनं कपड्यांचा गठ्ठा उचलून तोंडापुढं धरला आणि गाडीमागून आत शिरली. हातात कपड्यांचा गठ्ठा असला की बाईला कुणी विचारत नाही, हे तिला शूटिंगनं शिकवलं होतं.

आतला वॉर्ड बघून ती क्षणभर गडबडलीच. गजांच्या सावल्या नाहीत, किंकाळ्या नाहीत, थेंब थेंब गळणारा नळ नाही. उजेडानं भरलेली लांब खोली, फुलाफुलांचे पडदे, कोपऱ्यात आवाज बंद केलेला टीव्ही. माणसं बाकांवर बसलेली. कुणी नखं बघतोय, कुणी पायजम्याची नाडी सोडतोय आणि बांधतोय. भिंतीजवळच्या बाकावर पांढऱ्या कपड्यांची एक ओळ पाठमोरी बसली होती. ती सगळी पांढरी, कोरी, धुवट. कात्रीनं त्यांच्यावरून नजर फिरवली आणि पुढं निघाली. तिला चेहरे बघायची गरजच नव्हती. तिच्या हातचा चहाचा रंग हजारांत ओळखू आला असता.

आणि ओळखला. पार टोकाला, खिडकीपाशी, एक म्हातारा अर्धा पाठमोरा उभा. खांद्यापासून कमरेपर्यंत तपकिरी सदरा.

ती लगबगीनं गेली आणि त्याच्या खांद्याला धरलं. "मामा, मी आलेय. गुपचूप चल माझ्याबरोबर. काही बोलू नकोस."

म्हातारा वळला. तो मामा नव्हता. त्याच्या हातात रिकामा कप होता आणि सगळा चहा त्याच्या अंगावर सांडला होता, ताजा, अजून ओला. त्यानं कप खिडकीत ठेवला आणि तिचं मनगट धरलं. घट्ट.

"आलीस?" तो म्हणाला. "घरी न्यायला आलीस ना? मी यांना सांगत होतो येशील म्हणून."

"नाही हो, चुकून..."

"पिशवी घेऊ का? पिशवी भरलेलीच आहे."

कात्रीनं हात ओढला. सुटेना. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत एवढा आनंद होता की तिच्या तोंडाचा पट्टा बंदच पडला. दुसऱ्या कुणावर ती खेकसली असती.

"आजोबा," ती शेवटी म्हणाली, "मी तुम्हाला न्यायला नाही आले. मी दुसऱ्याला न्यायला आले."

म्हाताऱ्यानं ते नीट ऐकून घेतलं. मग मनगट सोडलं. "बरं," म्हणाला आणि परत खिडकीकडे वळला.

त्या 'बरं'नं तिचा उरलासुरला धीर गेला आणि त्याची जागा रागानं घेतली. वॉर्डबॉय धावत आला, मागून मेट्रनबाई, मागून खिशात हात घातलेला डॉक्टर. बाहेर जायचं दार तेवढ्यात बंद झालं होतं.

"कुठं ठेवलाय त्याला?" कात्री म्हणाली. "सरळ सांगा. धड बोलता येत नाही त्या माणसाला, त्याला उचलून आणलंत. लाज नाही वाटली? आणि तुम्ही डॉक्टर, सकाळपासून त्याच्यावर डोळा ठेवून आहात. नाही म्हणा."

"ठेवून आहे," डॉक्टर म्हणाला.

 नाही म्हणेल अशी तिची तयारी होती. हो म्हणाला तर पुढं काय बोलायचं ते तिनं ठरवलंच नव्हतं.

"कोणता माणूस म्हणताय?" मेट्रनबाईंचा आवाज जरा उतरला. "तो... कॉरिडॉरमधला?"

डॉक्टरनं कात्रीच्या खांद्यावरून मागं बघितलं. ती वळली. भिंतीजवळची ती पाठमोरी ओळ. तिच्यात मधोमध, कोऱ्या पांढऱ्या सदऱ्यात, केस ओले करून भांग पाडलेला, ताठ बसलेला मामा. त्याच्या पाठीमागून ती हातभर अंतरावरून गेली होती.

"मला वाटलं, डॉक्टरांनी मघाशी कानात सांगितलेला, आज सकाळी नवीन आणलेला पेशंट भटकला," मेट्रनबाई भराभर बोलायला लागल्या. "नाव विचारलं, सांगेना. घर विचारलं, सांगेना. म्हणाला, मला भिंतीकडे बघायचंय. आणि कपडे हे असे. मी म्हटलं, काय घाण माखून घेतलीय याने, म्हणून आंघोळ घातली, स्वच्छ कपडे दिले. मी काय... मी सकाळी त्या बादल्या पाहिल्या होत्या, पण माणसाच्या अंगावर ओळखू नाही आलं मला. मळकं ते मळकं."

कात्रीला त्यांच्यावर तोंड सोडायचं होतं. पण आपण स्वतः काय केलं? मामा समोर होता आणि आपण रंग शोधत फिरलो.

ती मामाच्या पुढ्यात जाऊन उकिडवी बसली. "मामा, मी इथून गेले. मघाशी बोललेसुद्धा. आवाज ओळखला नाहीस? हाक का नाही मारलीस?"

मामानं तिच्याकडे बघितलं नाही. ओठ न हलवता, जुने नट बोलतात तसा, दातांतून म्हणाला, "शॉट चालूय. बाजूला हो, फ्रेममध्ये आहेस."

 टीव्हीवर कुणीतरी तोंड हलवत बातम्या देत होतं.

"दार उघडा रे," मेट्रनबाई वॉर्डबॉयला म्हणाल्या. चूक त्यांची होती आणि ती लवकरात लवकर दाराबाहेर जावी असं त्यांना वाटत होतं. "न्या तुमच्या माणसाला. आमच्याकडून गैरसमज झाला. विषय संपला."

दार उघडलं. कात्रीला पळून जायला याहून चांगली संधी मिळणार नव्हती. तिनं मामाचा दंड धरला, उठवला. मामा चार पावलं आला, थांबला, तिचा हात हळूच सोडवला आणि परत जाऊन त्याच जागी बसला. भिंतीकडे तोंड करून.

"कट," कात्री म्हणाली. आवाज फाटला तिचा.

मामा लगेच उठला. आळस दिला, मान-कंबर मोकळी केली आणि सगळ्यांकडे बघून खुशीत म्हणाला, "जेवायला कधी सोडणार?"

"जेवलास तू. माझ्यासमोर जेवलास."

"असं?" मामा म्हणाला. पटलेलं नव्हतं, पण भांडायचंही नव्हतं.

डॉक्टरनं एक स्टूल ओढलं आणि मामासमोर बसला. पहिल्यांदाच त्याचे हात खिशाबाहेर आले. "बसा ना जरा. आज काय केलंत?"

"काम."

"काय असतं काम?"

"बसायचं."

"अवघड असतं?"

"तुम्ही बसून बघा. पहिल्यांदा खाज सुटते."

वॉर्डबॉय फिसकन हसला. डॉक्टरही हसला, आणि हसताना तो अगदी साधा माणूस दिसला. कात्रीला ते आवडलं नाही. संशय सोडायला तिला अजून वेळ हवा होता.

"आत्ता सकाळ आहे की दुपार?"

"दु—" कात्री म्हणाली.

डॉक्टरनं तिच्याकडे न बघता बोट वर केलं. तिनं ओठ आवळले. इतके दिवस ती मामाच्या आधी बोलत आली होती, आणि गप्प बसणं एवढं दुखतं हे तिला माहीत नव्हतं. मामानं विचार केला. खिडकीतून आलेलं ऊन थेट त्याच्या मांडीवर पडलं होतं. त्यानं त्यावर हात ठेवला, उचलला, परत ठेवला.

"नाइट सीन आहे," तो म्हणाला.

"आणि ह्या कोण?"

मामानं कात्रीकडे बघितलं. बराच वेळ. तिच्या हातांकडे, कंबरेच्या कात्रीकडे, तोंडाकडे. ती हलली नाही. एक शब्द, नुसतं 'पोरी' म्हण, बास. ती मनातल्या मनात त्याला सांगत होती आणि तोंड घट्ट मिटून बसली होती.

"ह्या आमच्या ड्रेसवाल्या बाई आहेत," मामा अदबीनं म्हणाला. मग डॉक्टरकडे वाकून, हळू आवाजात, "जरा चिडक्या आहेत. नादी लागू नका. पण मनानं चांगल्या आहेत हो."

जन्मात पहिल्यांदा त्यानं तिला 'आहेत' म्हटलं होतं.

"बरोबर आहे," कात्री म्हणाली.

डॉक्टरनं स्टूल जरा मागं ओढलं. त्यावर काही बोलला असता तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं, हे त्याला कळलं असावं. मग म्हणाला, "आज राहू द्याल का त्यांना इथं? तपासू. काही दिवस बघू. ठेवून घेत नाही, तुम्ही म्हणाल तेव्हा न्या."

"असं सगळेच म्हणतात."

"म्हणतात," तो कबूल झाला.

जाळीच्या पलीकडून असिस्टंटच्या हाका यायला लागल्या. कात्री कुठाय, मॅडमचा कोट कुठाय, पाठमोरा म्हातारा कुठाय, शॉट लागलाय. वॉर्डबॉयनं तिच्याकडे बघितलं. ती खिडकीकडे बघत होती, तिथं तो दुसरा म्हातारा चहाच्या ओल्या सदऱ्यात अजून तसाच उभा होता.

"आधी त्यांना कोरडा सदरा द्या कुणीतरी," ती मेट्रनबाईंना म्हणाली. मग वॉर्डबॉयला, "आणि त्या ओरडणाऱ्याला सांग, कोट मेकअपच्या खोलीत आहे, हात आहेत त्याला, घे म्हणावं. म्हातारा मिळणार नाही. दुसरा कुणीतरी बसव."

"कारण काय सांगू?"

हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की संपलं, मामाला परत कुणी बोलावणार नाही. तिनं मामाकडे बघितलं. तो मांडीवरच्या उन्हाशी खेळत होता.

"आजारी आहे म्हणून सांग," ती म्हणाली. "माझा मामा आजारी आहे."

वॉर्डबॉय गेला. कात्री मामाच्या शेजारी बाकावर बसली. मामानं सरकून जागा दिली, परक्या बाईला देतात तशी, जरा जास्तच.

"कधीपासून सुरू झालं?" डॉक्टरनं विचारलं.

"लिहून घेणार असाल तर घ्या," ती म्हणाली. "मी भरभर बोलते."